हाकेच्या अंतरावर

उन्हाळ्याच्या सुट्टीत एका शाळेच्या हॉलमध्ये मी मुलींचं स्वसंरक्षणाचं शिबिर घेते. यंदाचं अकरावं वर्ष. पहिल्या दिवशी ठोसा नाही, लाथ नाही, नुसतं ओरडायचं. मुलींना वाटतं, हे तर सोपं. प्रत्यक्षात सगळ्यांत जास्त वेळ यातच जातो. पहिली दहा मिनिटं खुसुखुसु हसण्यात जातात. मग एखादी धीट मुलगी पुढे येते. मी तिचं मनगट घट्ट धरते, म्हणते, "मी अनोळखी माणूस आहे, ओरड." आणि तिच्या तोंडून निघतं, "अहो काका, सोडा ना!"

हल्लेखोरालाही अहो-जाहो. सगळा हॉल हसतो, मीही हसते. पण दर वर्षी कुणीतरी हेच म्हणतं. एका वर्षी तर एका मुलीला आवाजच फुटला नाही. ओठ हलले, मानेची शीर ताठ झाली, डोळ्यांत पाणी आलं, आवाज मात्र नाही. वक्तृत्व स्पर्धेत बक्षिसं मिळवणारी मुलगी होती ती.

"ती ओरडली का नाही?" हा प्रश्न कुणी विचारला की मला ती शीर आठवते. आणि हा प्रश्न आपल्याकडे सतत विचारला जातो. 25 फेब्रुवारी 2025 रोजी पहाटे पुण्यात स्वारगेट स्थानकात उभ्या असलेल्या शिवशाही बसमध्ये बलात्कार झाल्याची तक्रार एका तरुणीने दिली. दोन दिवसांनी राज्याचे गृहराज्यमंत्री तिथे जाऊन आले आणि म्हणाले, आजूबाजूला दहा-पंधरा माणसं होती, पण विरोध, झटापट झाली नाही म्हणून कुणाला काही कळलं नाही. टीका झाल्यावर त्यांनी खुलासा केला, की पोलिसांनी दिलेली माहिती आपण सांगत होतो. खुलासा मान्य करू. पण त्या वाक्यामागचा हिशेब मंत्र्यांच्या एकट्याचा नाही, तो आपल्या सगळ्यांच्या डोक्यात पक्का बसलेला आहे. ओरडली असती तर लोक धावले असते, ओरडली नाही म्हणजे तिचंच काहीतरी चुकलं, असा तो हिशेब.

मी ओरडायला शिकवते, त्यामुळे या हिशेबात किती तथ्य आणि किती सोय आहे हे सांगायचा मला थोडा अधिकार आहे असं समजते.

आधी तथ्य. अचानक मोठा आवाज झाला की माणूस दचकतो. हे इच्छेवर नसतं. आवाज कानावर पडल्यापासून सेकंदाच्या विसाव्या भागाच्या आत पापण्या मिटायला लागतात, मागोमाग खांदे वर येतात, मान आत जाते, हातातली पकड क्षणभर बदलते. पहिलवान असो वा पाकीटमार, दचकणं कुणाला चुकत नाही. कराटेत फटक्याबरोबर जी आरोळी देतात, तिला 'किआई' म्हणतात. तिचे दोन उपयोग. एक, समोरचा हलतो. दुसरा जास्त महत्त्वाचा: ओरडणाऱ्याचा कोंडलेला श्वास सुटतो, पोट आवळलं जातं, गोठलेलं अंग हलायला लागतं. मी मुलींना सांगते, आरोळी त्याच्यासाठी निम्मी आणि तुझ्यासाठी निम्मी.

पण हा अवधी सेकंदभराचा. तेवढ्यात हात सोडवून पळायचं असतं. पळायची जागा नसेल, तर तो सेकंद फुकट. ऑक्टोबर 1977 मध्ये सोमालियातल्या मोगादिशूला अपहृत जर्मन विमानावर कमांडोंनी छापा घातला, तेव्हा डोळे दिपवणारे आणि कान बधिर करणारे बाँब वापरले गेले. स्वसंरक्षणाची उपकरणं विकणारे असल्या गोष्टी मोठ्या कौतुकाने सांगतात. एक गोष्ट मात्र सांगत नाहीत: आवाज झाल्यावर त्याच क्षणी विमानाच्या दारांतून शिकलेली, सशस्त्र माणसं आत शिरली होती. नुसत्या आवाजाने कुणी सुटलं नाही. रात्री साडेनऊला क्लासहून एकटी परतणाऱ्या मुलीच्या मागे कमांडो नसतात. तिच्यासाठी ते दार उघडणारं कुणी असेल तर तो पहिल्या मजल्यावरचा शेजारी, नाहीतर कोपऱ्यावरचा टपरीवाला.

आवाजाचा दुसरा दोष शेतकऱ्याला कुणी सांगायला नको. ज्वारी हुरड्यात आली की माळ्यावर बसून डबा बडवायचा, गोफण फिरवायची. पहिल्या दिवशी थवाच्या थवा उठतो. चौथ्या दिवशी पाखरं नुसती दोन ताटं पलीकडे जाऊन बसतात. बुजगावण्याचं जे होतं तेच रोजच्या आवाजाचं होतं. ज्या आवाजामागून काही येत नाही, त्या आवाजाची भीती राहत नाही. आणि हे फक्त पाखरांचं नाही, आवाज ऐकून मदतीला धावणाऱ्या माणसांचंही तसंच आहे.

याचा अनुभव मी घरबसल्या घेतला. भाचीने मला वाढदिवसाला किल्लीच्या जुडग्याला अडकवायचा अलार्म दिला. पिन ओढली की किंचाळतो. खोक्यावर 130 डेसिबल लिहिलेलं. एका रविवारी रात्री नऊ वाजता मी आमच्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्याच्या जिन्यात उभी राहून पिन ओढली. कुणालाही आधी सांगितलं नव्हतं. घड्याळ लावून दीड मिनिट वाजू दिला. माझे कान दुखायला लागले, पण एकही दार उघडलं नाही. सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मात्र निरोप आला: "कुणाच्या गाडीचा अलार्म वाजतोय, कृपया बंद करावा." त्याखाली तिघांचे अंगठे.

पंधरा दिवसांनी तिसऱ्या मजल्यावरचे आजोबा गॅलरीत येऊन ओरडले, "अरे टाकी वाहतेय! पाणी चाललंय सगळं!" मिनिटभरात अर्धी इमारत खाली. कुणी पायजम्यात, कुणी हातात पोळी घेऊन. आजोबांच्या आवाजात 130 डेसिबल नव्हते. पण तो माणसाचा आवाज होता, त्यात काय झालंय आणि काय करायला हवं ते होतं, आणि पाणी सगळ्यांचं होतं.

डेसिबलचं गणितही एकदा मांडून पाहण्यासारखं आहे. उघड्यावर अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण सहा डेसिबलने उतरतो. खोक्यावरचा आकडा सोडा, एका मीटरवर खरोखर 120 मिळाले असं धरू. दोन मीटरवर 114, चारवर 108, असं करत बत्तीस मीटरवर 90. मध्ये भिंत आली, एसीसाठी खिडकी बंद असली, की आणखी वीस-पंचवीस गेले. आत टीव्ही चालू, बाहेर रस्त्यावर हॉर्न. म्हणजे जो आवाज तुमच्या कानाचे पडदे फाडतो, तो रस्त्यापलीकडच्या घरात कुकरच्या शिट्टीइतकाही उरत नाही. आपल्याकडे अंतर मोजायला 'हाकेच्या अंतरावर' असा शब्द आहे. गावाकडे ते अंतर मोठं होतं, या ओढ्यापासून त्या बांधापर्यंत. शहरात ते आकसत चाललंय, आणि ते आपणच आकसवलंय.

हे काही माझं भाबडं निरीक्षण नाही. आवाजाच्या प्रदूषणाबद्दल सर्वोच्च न्यायालयाने 18 जुलै 2005 रोजी दिलेल्या निकालाचा दाखला आपण दर गणपतीत, दर लग्नसराईत देतो. रात्री दहा ते सकाळी सहा भोंगे बंद, वगैरे. तो खटला उभा कसा राहिला, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक आहे. जानेवारी 1998 मध्ये वर्तमानपत्रांत एक बातमी आली. तेरा वर्षांच्या मुलीवर बलात्कार झाला होता. ती मदतीसाठी ओरडली होती. शेजारी लाउडस्पीकरवर मोठ्याने गाणी चालली होती, त्यात तिचा आवाज बुडाला. त्याच संध्याकाळी तिने स्वतःला पेटवून घेतलं आणि ती गेली. ही बातमी वाचून अस्वस्थ झालेल्या एका अभियंत्याने याचिका केली, आणि सात वर्षांनी तो निकाल आला.

ती ओरडली होती.

म्हणून डीजेच्या भिंती आणि भोंगे यांच्यावर वाद होतो तेव्हा तो हृदयविकाराच्या आजोबांपुरता आणि दहावीच्या अभ्यासापुरता राहतो, हे मला खटकतं. तेही खरंच आहे. पण ज्या निकालाचा आपण हवाला देतो त्याच्या मुळाशी न ऐकू आलेली किंकाळी आहे, हे कुणी बोलत नाही. नियमाप्रमाणे निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल ही मर्यादा. पुण्यात विसर्जन मिरवणुकीत लक्ष्मी रस्त्यावर सीओईपी या अभियांत्रिकी संस्थेचे विद्यार्थी वर्षानुवर्षं आवाज मोजतात. काही वर्षी तर सरासरीच शंभराच्या पलीकडे गेली आहे. त्या गर्दीत एखाद्या मुलीला कुणी ओढलं, तर तिच्या शेजारी उभ्या असलेल्यालाही ऐकू जाणार नाही. हा मुद्दा कुठल्या एका धर्माचा नाही. सगळ्यांचे उत्सव, सगळ्यांचे नेते, सगळ्यांचे वाढदिवस यात आहेत. नुसता रोजचा हॉर्नही पुरतो. ज्या शहरात विनाकारण वाजवणाऱ्याला काही होत नाही, त्या शहरात कारण असलेल्या आवाजाला किंमत उरत नाही. पाखरांसारखे आपण दोन ताटं पलीकडे जाऊन बसतो.

बरं, ऐकू गेलं तरी? 13 मार्च 1964 च्या पहाटे न्यूयॉर्कमधल्या क्यू गार्डन्स भागात किटी जेनोवेझ या तरुणीवर तिच्या घराजवळ चाकूहल्ला झाला. ती ओरडली. समोरच्या इमारतीतल्या एका माणसाने खिडकी उघडून वरून दरडावलं, त्या मुलीला सोड. हल्लेखोर घाबरून पळाला. पण खाली कुणी उतरलं नाही, हे पाहून काही मिनिटांनी तो परत आला, आणि तिचा जीव गेला. अडतीस जणांनी हे पाहिलं आणि कुणी काही केलं नाही, अशी जी बातमी जगभर गाजली ती पुढे अतिशयोक्त ठरली. पण मला त्यातला खिडकीतला माणूस महत्त्वाचा वाटतो. एका आवाजाने काम झालं होतं. त्याच्यामागे दुसरा आवाज, जिन्यातला दिवा, पावलं यायला हवी होती. ती आली नाहीत.

याच प्रकरणामुळे अस्वस्थ झालेल्या डार्ली आणि लातानी या दोन मानसशास्त्रज्ञांनी 1968 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. शेजारच्या खोलीत कुणाला तरी फेफरं आलंय असा आवाज ऐकवला. आपण एकटेच ऐकतोय असं वाटणाऱ्यांपैकी 85 टक्के लोक मदतीला उठले. आपल्यासारखे आणखी चौघे ऐकतायत असं वाटल्यावर उठणारे 31 टक्क्यांवर आले. माणसं वाईट नसतात. दुसरा कुणीतरी बघेल असं प्रत्येकाला वाटतं, एवढंच. आमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवरचे ते तीन अंगठे म्हणजे हेच.

म्हणून शिबिरात मी 'वाचवा, वाचवा' काढून टाकलंय. 'वाचवा' कुणाला उद्देशून आहे? कुणालाच नाही. त्याऐवजी बोट दाखवून ओरडायचं: "ओ निळा शर्ट! दुकानवाले काका! हा माणूस माझ्या ओळखीचा नाही, पोलिसांना फोन करा!" 'ओळखीचा नाही' हे महत्त्वाचं. नाहीतर लोक 'नवरा-बायकोचं भांडण' म्हणून मान फिरवतात. (नवरा-बायकोचं असलं तर मारहाण चालते, हे गृहीतक वेगळ्या लेखाचा विषय आहे.) आणि हल्लेखोराला अहो नाही. तिथे अरे-तुरे.

27 जून 2023 ला पुण्यात सदाशिव पेठेत भरदिवसा एक तरुण कोयता घेऊन एका तरुणीच्या मागे धावला. ती ओरडत पळत होती. बघणारे पुष्कळ होते. लेशपाल जवळगे हा स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारा तरुण पुढे झाला, त्याने कोयता धरला, मग आणखी हात आले आणि ती वाचली. शहराने त्याचं कौतुक केलं, ते योग्यच. पण कौतुकात असंही कबूल होतं की पुढे होणारा माणूस आपल्याला अपवाद वाटतो. शाळांमध्ये मुलींना ओरडायला शिकवायला आम्हाला बोलावतात. मुलांना, आवाज ऐकल्यावर काय करायचं ते शिकवायला अकरा वर्षांत एकाही शाळेने बोलावलेलं नाही. मी दोनदा सुचवून पाहिलं. एका ठिकाणी उत्तर मिळालं, "मॅडम, त्या वेळात मुलांचं क्रिकेट असतं."

आता त्या 'ओरडली का नाही'च्या हिशेबातला सोयीचा भाग. आवाज उपयोगी आहे म्हणून तो तिचं कर्तव्य ठरत नाही. इथे आपल्या राज्याला एक जुना इतिहास आहे. 1972 मध्ये देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात मथुरा या आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. सर्वोच्च न्यायालयाने 1978 मध्ये दोन्ही पोलिसांना सोडलं. अंगावर जखमा नाहीत, तेव्हा तिने कडवा विरोध केला, ती ओरडली, हे खरं नाही, असा त्यातला तर्क होता. पोलीस ठाण्यात, रात्री, पोलिसांपासून वाचवायला ओरडायचं तरी कुणाच्या नावाने? उपेंद्र बक्षी, रघुनाथ केळकर, लोतिका सरकार आणि वसुधा धागमवार या चार प्राध्यापकांनी 1979 मध्ये सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. देशभर स्त्रियांची आंदोलनं झाली, 1983 मध्ये कायदा बदलला. 2013 च्या दुरुस्तीने तर स्पष्टच लिहिलं, की शारीरिक प्रतिकार केला नाही एवढ्याच कारणावरून स्त्रीची संमती होती असं धरता येणार नाही. आजच्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 63 मध्ये ते वाक्य आहे. कायद्याने जे उत्तर 2013 मध्येच दिलं, तो प्रश्न आपण 2025 मध्ये पुन्हा विचारत होतो.

शरीराचं उत्तर तर त्याहून जुनं आहे. सशावर झडप पडली की तो कधीकधी नुसता गोठतो. माणसाचंही होतं. स्टॉकहोममध्ये बलात्कारानंतर तातडीच्या दवाखान्यात आलेल्या 298 स्त्रियांचा अभ्यास 2017 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांतल्या 70 टक्के स्त्रियांनी सांगितलं, की त्या वेळी अंग लक्षणीयरीत्या लुळं पडलं होतं. हलता येत नव्हतं, आवाज निघत नव्हता. हॉलमध्ये, दिवसाउजेडी, ओळखीच्या बाईने मनगट धरल्यावर माझ्या त्या वक्तृत्ववाल्या मुलीचा आवाज गेला होता. बंद बसमध्ये काय होत असेल?

मग शिकवायचंच कशाला, असा प्रश्न मला विचारतात. कारण गोठणं सरावाने थोडं सैल होतं. कॅनडात विद्यापीठातल्या मुलींना बारा तासांचं प्रशिक्षण दिलं गेलं. त्यात धोका लवकर ओळखणं, ओळखीच्या माणसालाही ठणकावून नाही म्हणणं आणि हातपाय चालवणं, तिन्ही होतं. 2015 मध्ये त्याचे निष्कर्ष आले. वर्षभरात बलात्कार झालेल्यांचं प्रमाण प्रशिक्षण घेतलेल्यांत 5.2 टक्के, न घेतलेल्यांत 9.8 टक्के. जवळजवळ निम्मं. हे थोडं नाही. पण 5.2 उरलेच, आणि ते त्या मुलींच्या कमी ओरडण्यामुळे उरले असं म्हणायची हिंमत मला होणार नाही.

आणि कधी ओरडायचं नाही, हेही शिकवावं लागतं. चाकू गळ्याला लागलेला असेल आणि हाकेच्या टप्प्यात कुणीच नसेल, तर आरोळीने समोरच्याचा हात बिथरतो. पर्स मागतोय? दे. आरोळीची खरी वेळ आधीची असते: तो चार पावलं दूर असताना, त्याने अंतर कमी करायला सुरुवात केल्यावर. मुली तिथेच थांबतात. "उगाच ओरडले आणि तो सरळ माणूस निघाला तर?" निघाला तर निघाला. मिरचीचा फवारा चुकून मारला तर दुखापत होते, पोलीस ठाणं होतं. आरोळी चुकून मारली तर फार तर ओशाळायला होतं. एवढं स्वस्त साधन दुसरं नाही. आपल्या मुलींना ते महाग वाटतं, कारण 'मुलीच्या जातीने हळू बोलावं' हे त्यांनी घरात पुरेसं ऐकलेलं असतं.

आवाज काढता येत नसेल तेव्हासाठी मुका आवाज खिशात असतो. 1 जानेवारी 2017 पासून देशात विकल्या जाणाऱ्या मोबाइलमध्ये धोक्याचं बटण सक्तीचं झालं. साध्या फोनवर 5 किंवा 9 दाबून धरायचा, स्मार्टफोनचं चालू-बंदचं बटण भरभर तीनदा दाबायचं, असा तो आदेश होता. दर बॅचला विचारते, आपल्या फोनवर हे कसं चालतं ते किती जणींना माहीत आहे? तीस मुलींत तीन-चार हात वर येतात. रील बनवणं सगळ्यांना येतं.

सोसायटीच्या बैठकीत मी त्या अलार्मचं प्रकरण मांडलं. म्हटलं, एवढंच ठरवू या: किंकाळी किंवा अलार्म ऐकला की प्रत्येकाने जिन्यातला दिवा लावायचा, गॅलरीत यायचं आणि मोठ्याने विचारायचं, "काय झालं?" भांडायला जायची गरज नाही, नुसतं विचारायचं. सेक्रेटरींनी लिहून घेतलं आणि पार्किंगच्या विषयाकडे वळले.

शिबिराच्या शेवटच्या दिवशी मी मुलींना मैदानात नेऊन एकदम आरोळी ठोकायला लावते, सगळ्यांची मिळून. बाहेर वर्दळीचा रस्ता आहे. अकरा वर्षांत फाटकापर्यंत दोनच माणसं आली. एकदा शेजारच्या बँकेचा वॉचमन, आवाज कमी करा म्हणायला. आणि परवा कोपऱ्यावर भाजी विकणाऱ्या मावशी. पदर खोचलेला, धापा टाकत, हातात किलोचं लोखंडी वजन. "कोण हाय त्यो?" म्हणत सरळ आत शिरल्या. आता पुढच्या बॅचपासून त्यांना आधी सांगून ठेवावं लागणार.